चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

तीन भागिले दोन किती? चौथीतलं मूल दीड म्हणेल. पायथन या प्रोग्रामिंग भाषेला विचारलं, तर उत्तर तुम्ही कोणत्या पिढीच्या पायथनला विचारताय यावर अवलंबून असतं. दुसऱ्या पिढीचा पायथन सांगतो १, तिसऱ्या पिढीचा सांगतो १.५. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. जुन्याचा नियम असा की पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं तर उत्तरही पूर्णांकच, वरचं सोडून द्यायचं. नव्याचा भागाकार शाळेतल्यासारखा. आता समजा, एखाद्या पतसंस्थेच्या व्याजाचा हिशेब जुन्या पायथनवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला आहे आणि कुणीतरी त्याच्या खालची आवृत्ती बदलली. काही बंद पडणार नाही, पडद्यावर लाल अक्षरं येणार नाहीत. फक्त आकडे बदलतील.

मोबाइलवरचं ॲप अपडेट करणं आणि प्रोग्रामिंगची भाषा, कंपायलर किंवा लायब्ररी अपडेट करणं यांत म्हणूनच मोठा फरक आहे. ॲपच्या बाबतीत जुळवाजुळव करणाऱ्याने आधीच केलेली असते. भाषा बदलली की जुळवाजुळव आपल्याकडे येते, कारण तिच्यावर उभं असलेलं सगळं आपण लिहिलेलं असतं. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या कुठल्याही आयटी कंपनीत "नवीन व्हर्जन आलंय, घ्यायचं का?" असं विचारलं की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" दुसरा म्हणतो, "लेटेस्टवरच असलं पाहिजे." पहिला पक्ष वयाने थोडा मोठा असतो आणि त्याने रात्री जागून काढलेल्या असतात, एवढं त्याच्या बाजूने बोललं पाहिजे. पण नव्या आवृत्तीत काय काय आहे, यावरच दोघांचा वाद चालतो. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. आधी पाहायची ती तारीख: आज आपण वापरतोय ती आवृत्ती दुरुस्त करणारं कुणी आहे का, आणि कधीपर्यंत?

हे नीट समजायला पायथनइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

गीडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रामरने १९८९च्या डिसेंबरात पायथनवर काम सुरू केलं आणि १९९१ मध्ये भाषा लोकांपुढे ठेवली. दुसरी पिढी २००० साली आली आणि तिने जग जिंकलं. पण भाषेच्या गाभ्यात काही जुन्या चुका राहून गेल्या होत्या आणि जुना कोड चालू ठेवून त्या दुरुस्त करणं शक्य नव्हतं. म्हणून ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० आला, तो ठरवून जुन्याशी फारकत घेऊन. दुसऱ्या पिढीत लिहिलेला प्रोग्राम तिसऱ्या पिढीत जसाच्या तसा चालेल, असं वचन त्यात नव्हतंच. सगळं जग पाचेक वर्षांत नव्यावर येईल, असा कर्त्यांचा अंदाज होता.

पहिल्याच दिवशी उडी मारणाऱ्यांना काय मिळालं? ३.०च्या सोबत आलेल्या माहितीतच प्रामाणिकपणे नोंदवलं होतं की एका प्रचलित चाचणीवर हा पायथन २.५ पेक्षा सुमारे १० टक्के हळू चालतो. फाइल वाचणं-लिहिणं तर फारच संथ होतं. तो भाग नव्याने लिहावा लागला आणि २००९च्या जूनमध्ये ३.१ आला. ३.० विस्मरणात गेला. ज्या आवृत्तीच्या आकड्याच्या शेवटी शून्य आहे, तिच्यावर आपलं रोजचं काम सोपवू नये, हा प्रोग्रामरांचा जुना शिरस्ता अंधश्रद्धा नाही.

आवृत्ती बदलल्यावर कोड मोडतो म्हणजे काय होतं, हे या स्थलांतरात फार स्पष्ट दिसलं. मोडण्याच्याही जाती असतात. पहिली जात आरडाओरडा करणारी. जुन्या पायथनमध्ये पडद्यावर काही छापायचं तर 'प्रिंट' लिहून पुढे मजकूर लिहायचा. नव्यात मजकुराभोवती कंस लागतो. कंस नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही, कितव्या ओळीवर अडलं तेही सांगतो. लोकांनी सर्वाधिक शिव्या याच बदलाला दिल्या, आणि खरं तर हाच सगळ्यांत निरुपद्रवी होता. ते दुरुस्त करणारी साधनं पायथनच्या कर्त्यांनीच दिली होती.

दुसरी जात उशिरा उघडी पडणारी, आणि तिचा मराठीशी थेट संबंध आहे. संगणक मजकूर साठवतो तो बाइटांत. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन, काना, वेलांटी, सगळं सुटं सुटं धरून, यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत तीन बाइट घेतं. 'मराठी' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं. बाइट पंधरा. जुन्या पायथनला या शब्दाची लांबी विचारली की तो साधारणपणे १५ सांगायचा, नवा ५ सांगतो. (३ सांगणारा मात्र अजून आलेला नाही. त्यासाठी वेगळी लायब्ररी लागते.)

लांबी चुकली एवढंच असतं तर निभावलं असतं. पण जुना पायथन बाइट आणि मजकूर यांची सरमिसळ होऊ द्यायचा आणि सगळा मजकूर इंग्रजी आहे असं धरून चालायचा. त्यामुळे अर्जदाराचं नाव रोमन लिपीत असेपर्यंत प्रोग्राम सुरळीत चाले, आणि ज्या दिवशी कुणी 'पाटील' असं देवनागरीत भरलं त्या दिवशी कोसळे. त्या काळी मराठी मजकुरावर पायथनमध्ये काम केलेल्या माणसाला ती चूक आठवतच असेल, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये २२४ या एकाच बाइटने सुरू होतं आणि तक्रारही नेहमी त्याच बाइटची यायची. नव्या पायथनने बाइट वेगळे आणि मजकूर वेगळा अशी भिंत घातली. मिसळायला गेलात तर लगेच अडवतो. सगळा व्यवहार इंग्रजीत असलेल्या अमेरिकी प्रोग्रामरला ही भिंत कटकट वाटली आणि तिच्या विरोधात त्याने पुष्कळ लिहिलं. मराठी, जपानी किंवा अरबी मजकूर हाताळणाऱ्यासाठी मात्र याच एका कारणासाठी स्थलांतर करण्यासारखं होतं. आवृत्ती चांगली की वाईट याला सार्वत्रिक उत्तर नसतं ते असं.

तिसरी जात गप्प राहणारी, आणि घाबरायचं ते हिला. भागाकाराचं उदाहरण वर आलंच. दुसरं अपूर्णांक जवळच्या पूर्णांकावर आणण्याचं. अडीचला जवळच्या पूर्णांकावर आणायला सांगितलं तर जुना पायथन ३ म्हणायचा, नवा २ म्हणतो. साडेतीनचे मात्र ४ करतो. ही चूक नाही. बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यायची, म्हणजे हजारो रकमांच्या बेरजेत एकाच बाजूला झुकाव येत नाही, असा तो संख्याशास्त्रात मान्य असलेला नियम आहे. पण बिलांच्या रकमा पूर्ण रुपयात आणणाऱ्या प्रोग्रामच्या मालकाला हे कुणी कळवलेलं नसतं. पन्नास पैसे इकडचे तिकडे होतात आणि वर्षअखेरीस ताळेबंद जुळत नाही. अशा बदलाला पकडायचा एकच मार्ग: जुन्या आवृत्तीवर ठरावीक आकडे घालून आलेली उत्तरं जपून ठेवायची, नव्यावर तेच आकडे घालायचे आणि दोन्ही ताडून पाहायची. ज्यांच्याकडे अशा चाचण्या लिहिलेल्या होत्या त्यांचं स्थलांतर महिन्यांत उरकलं. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांना आधी चाचण्या लिहाव्या लागल्या. खर्च स्थलांतराच्या नावावर पडला, प्रत्यक्षात तो जुन्या आळसाचा होता.

तरीही पाच वर्षांचा अंदाज सपशेल चुकला, आणि त्याचं कारण कोडातल्या बदलांपेक्षा माणसांच्या साखळीत होतं. कुठलाही खरा प्रोग्राम इतरांनी लिहिलेल्या दहा-वीस लायब्ररींवर उभा असतो. त्यांतली एक जरी नव्या पायथनवर आली नसेल तरी तुम्ही अडकलात. लायब्ररी लिहिणारे म्हणत, वापरणारे जुन्यावर आहेत, आम्ही कष्ट कशाला घ्यायचे? वापरणारे म्हणत, लायब्ररी आली की आम्ही येऊ. संख्यांवर काम करणारी नमपाय २०१० मध्येच नव्यावर चालू लागली होती. वेबसाइटसाठीचं जँगो हे फ्रेमवर्क नव्यावर आलं ते २०१३ मध्ये, तेही प्रायोगिक म्हणून. मधल्या काळात एकच कोड दोन्ही पिढ्यांवर चालावा म्हणून 'सिक्स' नावाची छोटी लायब्ररी निघाली. दोन त्रिक सहा, म्हणून सिक्स. कर्त्यांनीही एक पाऊल मागे घेतलं. मजकुरापुढे 'यू' हे अक्षर लावण्याची जुनी पद्धत त्यांनी ३.० मध्ये काढून टाकली होती, ती २०१२च्या ३.३ मध्ये परत आणली, केवळ स्थलांतर करणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून.

जुन्या पायथनची मुदत आधी २०१५ पर्यंत होती. २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत वाढवली. स्वतः व्हॅन रॉसम २०१३ पासून ड्रॉपबॉक्समध्ये नोकरीला होते, आणि त्या कंपनीचा संगणकावर चालणारा मुख्य प्रोग्राम, दहा लाखांहून जास्त ओळींचा, नव्या पायथनवर पूर्णपणे गेला तो २०१८ मध्ये. भाषेचा जनक घरात असूनही, ३.० आल्यावर दहा वर्षांनी. इन्स्टाग्रामने त्याआधी, २०१७ मध्ये, आपलं स्थलांतर पूर्ण झाल्याचं सांगितलं होतं. तेही नव्या सोयींचं काम न थांबवता. अखेर १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या पिढीची मुदत संपली आणि एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली. त्यानंतर तिच्यात सापडलेली भोकं बुजवायला मूळ संघातलं कुणी बांधील नाही.

मुदत संपली म्हणजे प्रोग्राम बंद पडत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. २ जानेवारी २०२० ला जगभरातले जुने पायथन आदल्या दिवसासारखेच चालत होते, आजही कुठे कुठे चालतात. मुदत संपते ती दुरुस्तीची. आणि दुरुस्ती असूनही न घेण्याची किंमत किती पडू शकते, ते २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने दाखवलं. त्यांच्या एका वेबसाइटखाली अपाची स्ट्रट्स नावाचं जावाचं फ्रेमवर्क होतं. त्यातलं गंभीर भोक मार्चच्या पहिल्या आठवड्यात जाहीर झालं, बुजवलेली आवृत्तीही त्याच दिवशी फुकट उपलब्ध होती. कंपनीने ती बसवली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले, जुलैअखेर कळलं, तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली होती. इथे नव्या सोयींचा प्रश्नच नव्हता. हे अपग्रेड नव्हे, पॅच होता, आणि पॅचच्या बाबतीत "घ्यायचा का" असा प्रश्न विचारायचा नसतो, "आज की उद्या" एवढाच विचारायचा.

एवढं वाचून दुसऱ्या पक्षाने टाळ्या वाजवायच्या आत लॉगफोरजेची गोष्ट ऐकावी. जावाच्या प्रोग्राममध्ये काय घडलं याची नोंद ठेवणारी ही लायब्ररी अक्षरशः सगळीकडे असते. २०२१च्या डिसेंबरात तिच्यात असं भोक सापडलं की नोंदीत एक विशिष्ट ओळ घुसवली की परक्या माणसाला तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येई. जगभर धावपळ झाली. भोक होतं लायब्ररीच्या दुसऱ्या पिढीत, २०१३ मध्ये भर घातलेल्या एका सोयीमुळे, जी बहुतेकांनी कधी वापरलीच नव्हती. पहिल्या पिढीवर राहिलेले, ज्यांना सगळे मागासलेले म्हणत होते, ते या खास भोकातून बहुतांशी बचावले. पण पहिल्या पिढीची मुदत २०१५ मध्येच संपलेली होती, तिच्यात स्वतःची वेगळी भोकं होती आणि ती बुजवायला कुणी नव्हतं. बचावले ते नशिबाने. दुसऱ्या पिढीवाल्यांना मात्र दुरुस्ती दिवसांत मिळाली. पहिली दुरुस्ती पुरेशी नव्हती म्हणून दुसरी, मग तिसरी, सगळं दहा दिवसांच्या आत. पुन्हा मेख अशी की चालू दुरुस्त आवृत्तीला जावा ८ लागायचा. जे त्याहून जुन्या जावावर होते त्यांच्यासाठी वेगळ्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. एक वीट बदलायला गेलं की खालची दुसरी हलवावी लागते, ती अशी.

आणखी एक प्रकरण घाईचं. लिनक्समध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा बसवला होता. विश्वासू सहकारी म्हणून दोनेक वर्षं वावरून, मग. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याला आपल्या संगणकावर दुरून लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने चिकाटीने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं उघड केलं. सापडले कोण? सर्वांत ताज्या, अजून चाचणीत असलेल्या लिनक्सवर बसलेले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनाच एक्सझेड होता, तिला धक्का लागला नाही. स्थिर आवृत्तीवाले सुरक्षेची दुरुस्ती तेवढी उचलतात आणि नवी वैशिष्ट्यं दोन वर्षं मुरू देतात. मला हे धोरण सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

मग एखादी आवृत्ती पॅच आहे की मोठा बदल, हे ओळखायचं कसं? आकड्यांवरून, पण आकडे दशांश नसतात हे आधी लक्षात घ्यावं. पायथन ३.१० हा ३.९ नंतरचा आहे. शाळेच्या गणितात तो ३.१ इतकाच, म्हणजे लहान. ३.१० आला तेव्हा ही गफलत यंत्रांचीही झाली. सेटिंगच्या फाइलीत अवतरणचिन्ह न लावता ३.१० लिहिलं की स्वयंचलित चाचणी करणाऱ्या यंत्रणा ते ३.१ वाचायच्या आणि २००९ सालचा पायथन शोधत बसायच्या. सर्वसाधारण संकेत असा: पहिला आकडा बदलला तर जुना कोड मोडण्याची शक्यता, दुसरा बदलला तर नव्या सोयी, तिसरा बदलला तर केवळ दुरुस्त्या. हा संकेत आहे, कायदा नव्हे. पायथन स्वतःच तो पूर्ण पाळत नाही. २०१८च्या ३.७ ने 'असिंक' हा शब्द भाषेसाठी राखून ठेवला, आणि कामं रांगेत लावणाऱ्या सेलरी या लोकप्रिय लायब्ररीत त्याच नावाचा भाग असल्याने ती त्यावर चालेनाशी झाली. दुरुस्त सेलरी यायला पुढचं वर्ष उजाडलं. बदलला होता तो फक्त दुसरा आकडा. आकड्यांचा विषय निघालाच आहे तर डोनाल्ड कनूथ यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामची आवृत्ती पायच्या किमतीकडे सरकते. प्रत्येक दुरुस्तीला एक अंक वाढतो, २०२१ मध्ये ती ३.१४१५९२६५३ झाली. आपल्या मृत्यूनंतर ती पाय होईल आणि उरलेल्या चुका वैशिष्ट्यं मानाव्यात, असं त्यांनी सांगून ठेवलंय. अपग्रेडची चिंता नको असेल तर असा प्रोग्राम शोधावा. दुर्दैवाने असे फार नाहीत.

आता प्रत्यक्ष निर्णय. पायथनची नवी आवृत्ती २०२० पासून दरवर्षी ऑक्टोबरात येते, आपल्याकडे दिवाळी अंक येतात त्या सुमारास, आणि प्रत्येकीची मुदत पाच वर्षांची. त्यातली सुरुवातीची दीड-दोन वर्षं सर्व प्रकारच्या दुरुस्त्या होतात, उरलेली फक्त सुरक्षेच्या. त्यामुळे ऑक्टोबरात आलेली आवृत्ती कामाच्या यंत्रावर लगेच घेण्यात काही हशील नसतं. लागणाऱ्या लायब्ररी तिच्यासाठी तयार व्हायला काही महिने जातात. एक पाऊल मागे राहावं, म्हणजे सर्वांत नवीच्या आधीची आवृत्ती वापरावी, तिच्यातले तिसऱ्या आकड्याचे पॅच मात्र न चुकता घ्यावेत, आणि मुदत संपायच्या वर्षभर आधी पुढे सरकावं. जावावाल्यांचं गणित थोडं निराळं. तिथे २०१७ नंतर दर सहा महिन्यांनी आवृत्ती येते, पण दीर्घ मुदतीच्या म्हणजे ८, ११, १७, २१, २५ या. बहुतेक कंपन्या त्यांवरूनच उड्या मारत जातात. आणि २०१४ चा जावा ८ आजही अनेक ठिकाणी ठाण मांडून आहे.

नव्यातल्या सोयींचा मोह कधी रास्त असतो? २०२२ चा पायथन ३.११ त्याच्या कर्त्यांच्या चाचण्यांत ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट वेगवान निघाला. कोडची एक ओळ न बदलता एवढा वेग मिळत असेल तर घ्यावा. पण तुमचा प्रोग्राम बहुतेक वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात घालवत असेल, तर हा वेग तुम्हाला जाणवणारही नाही. आधी आपलं अडतं कुठे ते मोजावं.

बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. भाषा, फ्रेमवर्क आणि डेटाबेस एका शनिवारी रात्री एकदम बदलले आणि रविवारी काही बिघडलं, तर दोष कुणाचा ते सोमवारीही कळत नाही. पायथनमध्ये प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' करता येतं. त्यात जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी-शेजारी ठेवून ताडता येतात आणि नवी नको वाटली तर फोल्डर पुसलं की झालं. लिनक्सवर ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतःचा जो पायथन असतो, त्याला मात्र चुकूनही हात लावू नये. सेंटओएस ७ मध्ये सॉफ्टवेअर बसवणारं यम हे साधन त्याच जुन्या पायथनवर चालायचं. उत्साहाच्या भरात लोक मूळ पायथन बदलून टाकत आणि मग दुरुस्तीचं साधनच बंद पडे. इशारे वाचायची सवयही लावून घ्यावी. पायथन सहसा एखादी गोष्ट एकदम काढत नाही, आधी काही वर्षं सूचना देतो. जुन्या वेबसाइटींसाठीचा सीजीआय हा भाग जाणार, हा इशारा ३.११ मध्ये होता आणि तो खरोखर गेला २०२४च्या ३.१३ मध्ये. गोम अशी की यांतले बरेच इशारे एरवी दिसत नाहीत, चाचणी चालवताना ते सुरू करावे लागतात.

विद्यार्थ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. आपल्याकडे कितीतरी महाविद्यालयांत बोरलँडच्या टर्बो सी++ चा निळा पडदा वर्षानुवर्षं टिकला. हे सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, डॉसवर चालणारं. सी++ भाषेचं पहिलं प्रमाण ठरलं १९९८ मध्ये, म्हणजे हा कंपायलर प्रमाणाच्याही आधीचा. त्यात साधा पूर्णांक १६ बिटांचा, म्हणून ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८. मुलं घरी नव्या विंडोजवर तो चालावा म्हणून डॉसबॉक्स नावाचं जुन्या संगणकाचं सोंग आणणारं सॉफ्टवेअर टाकायची, आणि मुलाखतीत मात्र त्यांना सी++ ११ बद्दल विचारलं जायचं. इथे "चालतंय ना" म्हणणं मला मान्य नाही. संस्थेचे श्रम वाचले, किंमत मुलांनी मोजली. उलट स्वतःहून शिकणाऱ्याने फार पुढेही धावू नये. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथन ३.४.३ ची मालिका वेगळी आणि त्याआधीची जुनी मालिका वेगळी ठेवलेली आहे. आपण पाहतोय तो धडा कोणत्या आवृत्तीचा हे आधी बघावं. दुसऱ्या पिढीचा धडा तिसऱ्या पिढीच्या पायथनवर गिरवणाऱ्याचा पहिला दिवस कंसांशी भांडण्यातच जातो.

आणि काही ठिकाणी खरोखरच हात लावू नये. प्रयोगशाळेतलं किंवा कारखान्यातलं एखादं यंत्र ज्या संगणकावर चालतं, तो इंटरनेटला जोडलेला नाही, यंत्र बनवणाऱ्याने नवा ड्रायव्हर दिलेला नाही आणि काम अचूक होतंय, तर ती जुनी आवृत्ती सुखाने राहू द्यावी. फक्त बसवण्याची मूळ फाइल आणि हार्ड डिस्कची प्रत दोन ठिकाणी ठेवावी, कारण अशा जोड्या मोडतात त्या बहुधा हार्ड डिस्क गेल्यावर. येत्या सहा महिन्यांत मोडीत निघणाऱ्या प्रोग्रामवरही स्थलांतराचे कष्ट वाया घालवू नयेत. मात्र जो प्रोग्राम लोकांचे पैसे, आजार किंवा आधार क्रमांक हाताळतो आणि इंटरनेटला जोडलेला आहे, त्याला ही सवलत नाही. तिथे मुदत संपलेली आवृत्ती चालवणं म्हणजे ज्यांची माहिती आहे त्यांना न विचारता जोखीम त्यांच्या माथी मारणं.

तेव्हा आज कामावर गेलात की टर्मिनल उघडून आपल्या पायथनची आवृत्ती तेवढी विचारा. ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली आहे. ३.१० ची ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते.